हौशी कुक्कुटपालन
घरच्या अंड्यांसाठी, जातिवंत पक्ष्यांच्या जोपासनेसाठी, प्रदर्शनासाठी किंवा केवळ आवडीखातर मर्यादित संख्येने कोंबड्या पाळण्याच्या प्रथेस हौशी कुक्कुटपालन म्हणतात. विक्रीतून होणारा नफा हा त्यामागील मुख्य हेतू नसतो. पक्ष्यांची संख्या सामान्यतः चार-पाचापासून काही डझनांपर्यंत असते आणि त्यांची सर्व कामे बहुधा घरातील माणसेच करतात. व्यापारी कुक्कुटपालनाचा इतिहास सु. शंभर वर्षांचा, तर परसातील कोंबड्यांचा तीन हजारांहून अधिक वर्षांचा आहे. व्यापारी धंद्याने पुढे उपयोगात आणलेले बरेचसे ज्ञान लहान खुराड्यांतून मिळाले आणि त्या धंद्याने मागे टाकलेल्या अनेक जातीही अशाच खुराड्यांत टिकून राहिल्या. पाळणाऱ्याच्या नित्यकर्मात मात्र या दीर्घ काळात फारसा फरक पडलेला नाही.

पूर्वपीठिका : पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा (गॅलस गॅलस) हा होय. कोंबडी प्रथम माणसाळविण्याचे श्रेय पूर्वी सिंधू संस्कृतीस देण्यात येई. तथापि २०२० नंतर प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकीय व पुरातत्त्वीय संशोधनामुळे हे स्थान दक्षिण चीन, म्यानमार व थायलंड यांच्या परिसराकडे सरकले आहे. मध्य थायलंडमधील बान नॉन वाट येथील अवशेष (इ. स. पू. सु. १६५०–१२५०) हे निश्चितपणे पाळीव म्हणता येतील अशा कोंबडीचे सर्वांत जुने अवशेष मानले जातात. कोरडवाहू भात व बाजरीवर्गीय धान्ये यांची लागवड सुरू झाल्यावर शेतात व कोठारापाशी सांडलेल्या दाण्यांनी रानकोंबड्यांना मनुष्यवस्तीकडे ओढले असावे, असे अनुमान आहे. पाळीव कोंबडीच्या उत्पत्तीत सह्याद्रीचाही वाटा आहे. अनेक पाळीव जातींत आढळणारी पिवळी कातडी व पिवळे पाय हा गुण दक्षिण भारतात व पश्चिम घाटात वावरणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून (गॅलस सॉनेराटी) आला असल्याचे २००८ मध्ये दाखवून देण्यात आले.

कोंबड्यांच्या दैनंदिन देखभालीविषयी तपशीलवार माहिती देणाऱ्या प्राचीन लेखकांत रोमन कृषिलेखक कॉल्युमेला (इ. स. पहिले शतक) याचे स्थान महत्त्वाचे आहे. त्याच्या कृषिविषयक ग्रंथाच्या आठव्या खंडात खुराड्याचे तोंड हिवाळ्यातील सूर्योदयाच्या दिशेला असावे, पाण्याचे भांडे झाकलेले असून त्याला पक्ष्याची केवळ मान जाईल एवढीच भोके असावीत, कोंबड्यांना धूलिस्नानासाठी कोरडी माती व राख ठेवावी, अशा सूचना आहेत. एका राखणदाराने सांभाळण्याच्या कोंबड्यांची कमाल संख्या तो दोनशे सांगतो. मात्र चरायला सुटलेल्या पक्ष्यांवर लक्ष ठेवण्यासाठी एखादी कामसू म्हातारी किंवा मुलगा मदतीला असावा, असेही तो सुचवितो. कोंबड्यांची राखण हे वृद्धांचे, स्त्रियांचे व मुलांचे काम समजण्याची ही रीत पुढेही जगाच्या अनेक भागांत चालू राहिली. या श्रमांची नोंद घरखर्चाच्या हिशेबात क्वचितच होत असे.

हौसेचा उदय : उपयुक्ततेपेक्षा रूप, रंग व जात यांना महत्त्व देणारी आधुनिक हौस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये बळावली. तेथे कोंबड्यांच्या झुंजींचे आखाडे चालविण्यास १८३५ च्या कायद्याने बंदी झाली आणि पैदाशीचे कौशल्य हळूहळू प्रदर्शनांकडे वळले. १८४२ च्या नानकिंगच्या तहानंतर चीनमधील बंदरे व्यापारास खुली झाली. तेथून आलेल्या, पायांवर पिसे असलेल्या भारदस्त कोंबड्या व्हिक्टोरिया राणीच्या पक्षिसंग्रहात दाखल होताच लोकांत त्यांचे आकर्षण वाढले. १८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या उद्यानात कोंबड्यांचे प्रदर्शन भरले. त्यानंतर १८४९ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत बॉस्टन येथे भरलेले प्रदर्शन पाहण्यास सु. दहा हजार लोक लोटले. यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत एकेका जोडीसाठी अवास्तव किंमती मोजल्या गेल्या. या वेडाला ‘कोंबड्यांचा ज्वर’ असे नाव पडले. या व्यापारात स्वतः हात धुऊन घेतलेल्या जॉर्ज बर्नम याने १८५५ मध्ये त्याचा उपहासगर्भ इतिहास लिहिला, तोपर्यंत भाव कोसळून अनेक हौशी लोकांचे पैसे बुडालेले होते. याच काळात पुढे आलेल्या ‘ब्रह्मा’ या जातीचे नाव ब्रह्मपुत्रा नदीवरून पडले. तिच्या घडणीत चीनमधील कोंबड्यांबरोबर चितगावकडील उंच कोंबड्यांचाही अंश असावा, असे सामान्यतः मानतात.

ज्वर ओसरला, तरी त्यातून संघटना व शिस्त निर्माण झाली. प्रत्येक जातीचा तुरा, पिसे, वजन व ठेवण यांची मानके ठरविणारा ग्रंथ इंग्लंडमध्ये १८६५ मध्ये निघाला. अमेरिकेतील कुक्कुटसंघ १८७३ मध्ये, तर ब्रिटनमधील १८७७ मध्ये स्थापन झाला. चार्ल्स डार्विन याने पाळीव प्राणी व वनस्पती यांच्यातील बदलांवरील आपल्या ग्रंथासाठी (१८६८) विल्यम टेगेटमायर या हौशी पक्षिपालकाकडून कोंबड्यांसंबंधी पुष्कळ माहिती व नमुने मिळविले. विल्यम बेटसन याने १९०२ मध्ये तुऱ्याच्या आकारांच्या अभ्यासावरून मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे दाखवून दिले. तुऱ्याच्या ज्या बारकाव्यांवर प्रदर्शनातील पारितोषिके ठरत, त्यांचाच अशा प्रकारे शास्त्राला उपयोग झाला.

दिनक्रम : कोंबड्यांचा दिवस सूर्यावर चालतो आणि पाळणाऱ्यालाही तोच क्रम पाळावा लागतो. पहाटे खुराडे उघडणे हे पहिले काम होय. त्या वेळी प्रत्येक पक्षी बाहेर येताना पाहणे विशेष महत्त्वाचे असते. मागे रेंगाळणारी, पिसे फुगवून बसलेली किंवा तुरा फिका पडलेली कोंबडी आजाराची पहिली सूचना देते. दुर्बल दिसणारा पक्षी शत्रूच्या व कळपातील इतरांच्याही नजरेत भरतो. त्यामुळे कोंबडी आपले आजारपण शक्य तितका वेळ लपविते. रोजच्या पाहणीत खंड पडल्यास रोग बहुधा उशिरा ध्यानात येतो.

यानंतर पाण्याची भांडी घासून भरणे, खाद्य घालणे आणि रात्रीची विष्ठा काढणे ही कामे येतात. अंडी देणाऱ्या मध्यम आकाराच्या कोंबडीस दिवसाला सु. १०० ते १२० ग्रॅ. खाद्य व त्याच्या साधारण दुप्पट पाणी लागते. उन्हाळ्यात पाण्याची गरज आणखी वाढते. कडक उन्हात काही तास पाणी न मिळाल्यास अंडी घटतात आणि ती पूर्ववत होण्यास अनेक दिवस लागू शकतात. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवतात. दात नसल्यामुळे पेषणीत दाणे दळण्यासाठी बारीक खडेही मिळावे लागतात. अंडी दिवसातून दोनदा गोळा करणे इष्ट असते, कारण फुटलेले अंडे चाखल्यावर कोंबडीस अंडी खाण्याची सवय जडते व ती मोडणे कठीण जाते. अंड्यावर नैसर्गिक संरक्षक थर असल्यामुळे ती शक्यतो न धुता कोरड्या फडक्याने पुसतात. दर चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्यासाठी एक खोका पुरतो, तरीही सर्व कोंबड्या अनेकदा एकाच खोक्याचा हट्ट धरतात.

खुराड्यातील जमिनीवर भाताच्या तुसाचा किंवा लाकडाच्या भुशाचा जाड थर पसरतात. तो वरचेवर खालवर करून कोरडा ठेवावा लागतो. ओल्या तुसातून अमोनिया वायू सुटून पक्ष्यांचे डोळे व श्वसनमार्ग बिघडतात, तसेच पिल्लांत रक्ती हगवणीचा (कॉक्सिडिओसिसचा) फैलाव होतो. कोकणातील पावसाळ्यात हे काम विशेष जिकिरीचे ठरते. सायंकाळी पक्षी आपण होऊन आत येऊन दांडीवर बसतात. त्यांची मोजणी करून दार लावणे हे दिवसातील शेवटचे काम होय. एका सायंकाळी दार उघडे राहिल्यास मुंगूस, रानमांजर किंवा कोल्हा सबंध खुराडे रिकामे करू शकतो. दिवसा घार व कावळा पिल्ले उचलतात, तर घुशी व साप अंड्यांच्या मागावर असतात. हौशी पालकाला एक दिवसही सुटी घेता येत नाही. परगावी जाताना दार उघडणारा व लावणारा विश्वासू शेजारी त्याला शोधावा लागतो.

ऋतूंप्रमाणे या कामांचे स्वरूप बदलते. अंडे तयार होण्यास सु. २५ तास लागतात आणि अंडी देण्याची क्रिया प्रकाशाच्या कालावधीशी निगडित असते. लंडनमध्ये हिवाळ्यातील दिवस सु. आठ तासांचा होत असल्याने तेथे अंडी जवळजवळ बंद पडतात. महाराष्ट्रात सर्वांत लहान दिवसही सु. ११ तासांचा असल्यामुळे ही घट त्यामानाने सौम्य असते. येथे मोठा प्रश्न उन्हाळ्यातील उष्म्याचा असतो. कोंबडीस घाम येत नसल्यामुळे ती चोच उघडी टाकून धापा टाकते, खाद्य कमी खाते व अंड्याचे कवच पातळ होते. वर्षातून एकदा पिसे झडून नवी येतात, त्या काळात अंडी थांबतात. कोंबडी खुडूक झाल्यावरही अंडी बंद होतात. तिला उबवणीस बसविल्यास २१ दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. त्यांपैकी निम्मी सरासरीने नर निघतात आणि येथून पालकापुढील एक अवघड प्रश्न सुरू होतो. एका कळपास एक-दोन कोंबडे पुरेत. जादा कोंबडे परस्परांशी झुंजतात व पहाटेच्या आरवण्याने शेजाऱ्यांशी वाद उद्‌भवतात. कोंबडी अंडी चांगली देते ती पहिली दोन-तीन वर्षे, जगते मात्र त्याहून पुष्कळ अधिक. अंडी न देणाऱ्या कोंबडीस पोसावे की कापावे, याचा निर्णय प्रत्येक हौशी पालकाला स्वतः घ्यावा लागतो. ज्या घरांत मुलांनी कोंबड्यांना नावे ठेवलेली असतात, तेथे तो सोपा नसतो.

रोग व संशोधन : कळप लहान असला, तरी साथीपासून तो सुरक्षित नसतो. लूई पाश्चर याने १८७९-८० मध्ये कोंबड्यांच्या पटकीवर संशोधन करताना जंतूंचे जुने संवर्धन रोग न करता संरक्षण देते, असे दाखविले. प्रयोगशाळेत सौम्य केलेल्या जंतूंच्या लसीचा पाया या कार्याने घातला. हंगेरीतील योझेफ मारेक याने १९०७ मध्ये पाय लुळे पाडणाऱ्या, पुढे त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाचे वर्णन केले. जावा बेट व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९२६ मध्ये दिसून आलेला घातक विषाणुजन्य रोग त्यानंतर लवकरच उत्तर भारतातील रानीखेत येथे आढळला. भारतात तो ‘रानीखेत’ किंवा बोलीभाषेत ‘मानमोडी’ या नावाने परिचित आहे. त्यावर मुक्तेश्वर येथील पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने तयार केलेली लस फार उपयुक्त ठरली. तथापि ही लस बहुधा शंभर किंवा अधिक मात्रांच्या कुपीत मिळते, ती थंड ठेवावी लागते आणि कुपी उघडल्यावर लवकर संपवावी लागते. पाच-सहा कोंबड्यांच्या मालकास हे परवडत नाही. यामुळे अनेक परसांतील पक्षी लसीविना राहतात. गावातील पालकांनी एकाच दिवशी एकत्र येऊन लस टोचून घेणे हा यावरील व्यवहार्य उपाय होय.

रोजच्या साध्या कामातूनही मोठे शोध लागल्याची उदाहरणे आहेत. बटेव्हिया (सध्याचे जाकार्ता) येथे क्रिस्तियान आइकमान याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांना इस्पितळातील उरलेला पांढरा भात घातला जात असे. त्या लुळ्या पडल्या. नव्या आचाऱ्याने तो भात देण्याचे नाकारल्यावर त्यांना दुसरा तांदूळ मिळू लागला व त्या बऱ्या झाल्या. या निरीक्षणातून बेरीबेरी रोगाचा व तांदळाच्या कोंड्यातील आवश्यक घटकाचा संबंध उलगडत गेला आणि आइकमान याला १९२९ च्या नोबेल पारितोषिकाचा सहमान मिळाला. न्यूयॉर्कमध्ये एका कुक्कुटपालकाने गाठ झालेली आपली कोंबडी पेटन राऊस या शास्त्रज्ञाकडे आणली. तिच्यावरील प्रयोगांतून विषाणूमुळे कर्करोग होऊ शकतो, हे त्याने १९११ मध्ये दाखविले. या कार्याबद्दल त्याला १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

युद्धकाळ : दोन्ही महायुद्धांत परसातील कोंबड्यांना राष्ट्रीय महत्त्व प्राप्त झाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या कृषिखात्याने प्रत्येक कुटुंबाने माणशी दोन कोंबड्या पाळाव्यात, असा प्रचार केला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ पासून अंड्यांचे नियंत्रित वाटप सुरू झाले आणि सामान्य नागरिकाच्या वाट्यास आठवड्यास सु. एक अंडे येऊ लागले. अंड्यांचा हा वाटा सोडून देणाऱ्या घरांना कोंबड्यांसाठी पूरक खाद्य मिळे. त्यात उकडलेल्या बटाट्यांच्या साली व स्वयंपाकघरातील उरलेसुरले अन्न मिसळून कोंबड्यांना घालण्यात येई. हे नियंत्रण १९५३ मध्ये उठले. २००१ मधील लाळ-खुरकुताच्या साथीनंतर मात्र त्याच देशात स्वयंपाकघरातून आलेले उरलेले अन्न कोंबड्यांना घालण्यास कायद्याने मनाई झाली आणि ती घरगुती पालकांनाही लागू आहे. एका पिढीने देशकर्तव्य म्हणून केलेली गोष्ट अशा रीतीने पुढच्या पिढीसाठी गुन्हा ठरली.

व्यवसायाची फारकत : मांसासाठी मोठ्या प्रमाणावर कोंबड्या वाढविण्याचा आधुनिक धंदाही एका घरगुती खुराड्यातूनच निघाला. अमेरिकेतील डेलावेअर राज्यात सेसिल स्टील या गृहिणीने १९२३ मध्ये अंड्यांसाठी पन्नास पिल्ले मागविली असता चुकून पाचशे आली. तिने ती वाढवून विकली व चांगला नफा मिळविला. तीन वर्षांत ती दहा हजार पिल्ले वाढवू लागली. उबवणी-यंत्रे, जीवनसत्त्वयुक्त खाद्य, लसी, कृत्रिम प्रकाश व पिंजरे यांच्या साहाय्याने दुसऱ्या महायुद्धानंतर या धंद्याने घराशी असलेला संबंध तोडला. वर्षास तीनशेच्या आसपास अंडी देणारे किंवा सहा आठवड्यांत विक्रीयोग्य होणारे संकरित वाण मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटले आणि जुन्या जाती निरुपयोगी ठरून झपाट्याने घटल्या. त्यांचे रक्षण करण्यासाठी ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये व अमेरिकेत १९७७ मध्ये संस्था स्थापन झाल्या. प्रत्यक्ष जोपासनेचा भार मात्र मुख्यतः हौशी पालकांनीच उचलला.

भारतातील स्थिती : भारतात कोंबड्या मुख्यतः ग्रामीण व आदिवासी कुटुंबांच्या परसात पाळल्या जात आणि देखभाल बहुतांशी स्त्रियांकडे असे. उकिरड्यावर व अंगणात चरणारी देशी कोंबडी वर्षास साधारणतः ६० ते ८० अंडी देते. अडीअडचणीस विकता येणारी, पाहुण्यासाठी कापता येणारी आणि स्त्रीच्या हाती थोडा पैसा देणारी ती घरची शिल्लक असते. झुंजार असील व झाबुआ भागातील काळ्या मांसाची कडकनाथ या जाती प्रसिद्ध आहेत. कडकनाथच्या मांसास २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इझ्झतनगर येथे १९३९ मध्ये कुक्कुटसंशोधन विभाग सुरू झाला. पुणे येथे डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या उबवणी-उद्योगामुळे, तसेच अंडी-उत्पादकांनी १९८२ मध्ये उभारलेल्या समन्वय समितीमुळे महाराष्ट्र व्यापारी कुक्कुटपालनात अग्रेसर झाला. परसासाठी अधिक अंडी देणारे व तरीही काटक असे गिरिराज (बंगलोर) व वनराज (हैदराबाद) हे वाणही विकसित करण्यात आले.

दोन्ही प्रकारच्या पालनातील नाते २००६ मध्ये महाराष्ट्रात कठोरपणे प्रत्ययास आले. त्या वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे एच५एन१ या बर्ड फ्ल्यूच्या विषाणूचा भारतातील पहिला प्रादुर्भाव सिद्ध झाला. लागण झालेल्या परिसरातील मोठ्या पोल्ट्र्यांतील पक्ष्यांबरोबर घरोघरच्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील काही गावांत परसातील कोंबड्यांत तोच रोग आढळला. शासनाने नुकसानभरपाई दिली, तरी स्थानिक हवामानाशी जुळलेला घरचा वाण एकदा संपला की तो पैशाने परत मिळत नाही. ब्रिटनमध्येही या रोगाच्या साथींमुळे पक्षी बंदिस्त ठेवण्याचे आदेश वारंवार निघाले. इंग्लंड व वेल्समध्ये ऑक्टोबर २०२४ पासून एकच कोंबडी पाळणाऱ्यालाही तिची नोंदणी करणे बंधनकारक झाले. वन्य पक्ष्यांपासून खाद्य व पाणी झाकून ठेवणे, बाहेरचे जोडे खुराड्यात न नेणे, नवे पक्षी काही आठवडे अलग ठेवणे व अकस्मात मरतूक झाल्यास त्वरित कळविणे, ही कामे आता दिनक्रमाचाच भाग झाली आहेत.

महत्त्व : हौशी कुक्कुटपालन अंड्यांच्या किंमतीवर क्वचितच परवडते, खाद्य, निवारा व मेहनत यांचा हिशेब केल्यास बाजारातील अंडे बहुधा स्वस्त पडते. त्याचे मोल अन्यत्र आहे. मोजक्या संकरित वाणांवर अवलंबून असलेल्या धंद्यास नवा रोग किंवा बदलते हवामान यांना तोंड द्यावे लागल्यास काटकपणाचे गुण जुन्या व देशी जातींतूनच घ्यावे लागतील. अशा जाती केवळ गोठविलेल्या नमुन्यांच्या रूपाने पूर्णतः राखता येत नाहीत. त्यांना अंगण, उबवणारी कोंबडी व रोज दार उघडणारा माणूस लागतो. कॉल्युमेलाने ज्या म्हातारीवर व मुलावर राखणीचे काम सोपविले होते, त्यांच्या जागी आज शहरातील नोकरदार, निवृत्त गृहस्थ व खेड्यातील गृहिणी आहेत. लस, पशुवैद्यकीय सल्ला व नुकसानभरपाई यांबाबत या लहान पालकांची गरज मोठ्या पोल्ट्रीपेक्षा वेगळी आहे. ही गरज ओळखून योजना आखल्या गेल्या, तरच पुढील काळात हे वाण शिल्लक राहतील.